खाली रक्त आहे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी विजयमाला शिर्के यांच्या डोक्यातून सुई बाहेर काढण्यात आली. सुईबरोबर मेंदूचा कणही आला नव्हता. हे डॉक्टर दुर्गा लिमये यांना कळायला शुक्रवार उजाडावा लागला, आणि तोवर विजयमालाबाईंच्या भावाने अख्ख्या वॉर्डात बडोद्याचा ओला, हिरवट ‘लीला’ चिवडा वाटून टाकला होता.

साल सत्त्याण्णव. विजयमालाबाई बडोद्याच्या कारेलीबागेत बायकांना स्कूटर शिकवीत. वय बेचाळीस, अंगाने सडसडीत, आवाज परेड घेणाऱ्या हवालदाराचा. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, आवाज तिकडून आला असं त्या स्वतःच सांगत. कॉलेजच्या मुलींपासून नातवंडं असलेल्या सासूबाईंपर्यंत कितीतरी जणी त्यांची बोलणी खात तोल सांभाळायला शिकल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या हातातून ब्रेक निसटायला लागला. मग चहाचा कप. मग सहीतलं शेवटचं अक्षर. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागात, खूप आत, सुपारीएवढी गाठ दिसली.

गाठ कसली ते स्कॅन सांगत नव्हता. क्षयाची असली तर दीडेक वर्ष गोळ्या, आणि बाई पुन्हा स्कूटरवर. कर्करोगाची असली तर किरणांचे उपचार, तेही वेळ न घालवता. अंदाजाने एकाचं औषध दुसऱ्याला देत बसलं तर मधल्या काळात हात जाणार आणि पाठोपाठ वाचाही. गाठ इतकी खोल की कवटी उघडून तिथवर पोचायचं म्हणजे वाटेतलं चांगलं ते सगळं तुडवत जायचं. रस्ता एकच होता. सुई घालायची, चिमूटभर तुकडा आणायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यालाच विचारायचं, तू कोण.

ही सुई म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या, मिळून बॉलपेनच्या रिफिलएवढ्या. टोकं बोथट. टोकाजवळ, बाजूला, दोन्ही नळ्यांना तांदळाएवढी फट. दोन्ही फटी समोरासमोर आल्या की दार उघडतं. मागून सिरिंजने हलकेच ओढलं की मेंदूचा मऊ गर फटीतून आत डोकावतो. मग आतली नळी अर्धा फेरा फिरवायची. तिच्या धारेने तेवढा गर कापला जातो आणि दारही लागतं. आतली नळी बाहेर काढायची, सलाइनने धुऊन तुकडा बाटलीत पाडायचा. फटीला इथल्या थिएटरात सगळे गुजरातीप्रमाणे ‘बारी’ म्हणत. दुर्गा मूळची मिरजेची. बडोद्याला येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. खिडकीला बारी म्हणायला ती पहिल्याच महिन्यात शिकली, आणि इथली भाषा आपल्याला आली असं तिला वाटू लागलं होतं.

मंगळवारी विजयमालाबाई शुद्धीवर होत्या. असं करताना रोग्याला झोपवत नाहीत. बोलतं ठेवतात, हात हलवायला लावतात, म्हणजे सुई कुठे नको तिथे तर नाही ना ते कळतं. डोक्याला धातूचं कडं चार स्क्रूंनी घट्ट बसवलेलं, कवटीला बारीकसं भोक, कड्यावरच्या कमानीतून सुई आत. दुर्गाने चार वेळा ओढलं, चार वेळा फिरवलं, बाटलीत धुतलं. बाटली तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेली. रोगाचं निदान तीन दिवसांनी होणार होतं, पण नमुना पुरेसा आहे की नाही हे लॅबचे प्रमुख डॉक्टर हेरंब कारखानीस भिंगातून पाहून लगेच सांगत. सुनंदा सिस्टरने थिएटरातल्या फोनचं स्पीकरचं बटण दाबलं.

“सर, बाटली पोचली?” दुर्गाने विचारलं.

“पोचली. खाली रक्त आहे.”

“ठीक आहे सर. हरकत नाही.”

आणि तिने सुई काढली.

शुक्रवारी दुपारी तिच्या हातात अहवाल आला. रक्त आणि रक्ताची गुठळी, मेंदूची ऊती नाही. दुर्गा दोन जिने तशीच उतरली.

कारखानीस नागरवाड्यातले. आडनाव संस्थानच्या कारभारातून आलेलं. साठीला टेकलेले, धोतर सोडून बाकी सगळं आजोबांचं चालवणारे. हॉस्पिटलात त्यांना कुणी ‘हेरंबभाई’ म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करीत. दुर्गा रुजू झाली त्या दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, “आपण दोघांनी मराठीतच बोलायचं. इथे मुलं आईला मम्मी म्हणतात आणि खिडकीला बारी. जिभेला गंज चढतो.”

“सर, हे काय आहे?” तिने कागद टेबलावर ठेवला.

“अहवाल आहे. मी तर तुम्हाला फोनवरच सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“खाली रक्त आहे म्हणून.”

“तेच म्हणते मी. खाली रक्त होतं. आणि वर?”

“वर? वर काय असणार?”

“बाटलीत वर काय होतं, सर?”

“वर बूच होतं,” कारखानीस म्हणाले.

दुर्गा उभीच राहिली. सलाइनच्या बाटलीत रक्त तळाशी बसतं आणि तुकडे त्याच्या वर वेगळे दिसतात, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. तिने तेच ऐकलं होतं.

“सर, खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे खाली. नुसतं. नुसतं रक्त आहे, बाकी काही...” कारखानीस थांबले. त्यांनी चष्मा काढला. “नुसतं,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशी.

“नुसतं म्हणायचं होतंत हो.”

“म्हणालो असंच मला वाटलं. घरी आम्ही... आई म्हणायची, खाली वरण-भात करते, भाजी नाही.” त्यांचा चेहरा उतरला होता. “दुर्गाबाई, हा शब्द गुजराती आहे हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही सरळ गुजरातीत बोलला असतात तर मला कळलं असतं,” दुर्गा म्हणाली. “गुजराती मी कान देऊन ऐकते. तुम्ही मराठीत बोललात, म्हणून मी मिरजेचं ऐकलं.”

“मग मी पुढच्या बाटलीची वाट बघत बसलो. आली नाही. म्हटलं, रक्त येतंय म्हणून थांबल्या असतील.”

भांडण इथे संपण्यासारखं होतं, पण दुर्गाला ते संपवता येईना. शब्दामुळे सुई लवकर बाहेर आली हे खरं. पण चार वेळा ओढूनही सुईत काही आलं नाही, ते काही शब्दामुळे नव्हे.

ती थिएटरात गेली आणि सुयांचा ट्रे मागवला. हॉस्पिटलकडे दोन संच होते, एक जुना, एक गेल्या वर्षी घेतलेला. जुना किंचित लांब. दोन्ही एका ट्रेमध्ये ठेवा, एक बिघडला तर दुसरा हाताशी हवा, हा हुकूम तिचाच. मंगळवारची जोडी तशीच बांधून ठेवलेली होती. दुर्गाने ती खिडकीच्या उजेडासमोर धरली, मुठीवरच्या खुणा जुळवल्या आणि फटीतून पाहिलं. उजेड दिसला, पण दोऱ्याएवढा. आतली नळी नव्या संचातली होती आणि बाहेरची जुन्यातली. खुणा जुळत होत्या, फटी जुळत नव्हत्या.

“सुनंदा, कॅन्टीनमधून एक केळं आण. पिकलेलं.”

“भूक लागली, मॅडम?”

“आण तर.”

केळं आलं तेव्हा कारखानीसही वर आले होते. दुर्गाने सालीवरूनच सुई आत घातली, ओढलं, फिरवलं, धुतलं. वाटीतलं पाणी जरासं गढूळ झालं, बस. मग तिने आतली नळी बदलली, जुन्यात जुनी. उजेडासमोर फट पुरी उघडी दिसली. पुन्हा घातलं, ओढलं, फिरवलं. वाटीत शेवईच्या तुकड्यासारखी पांढरी काडी पडली.

“आहे,” कारखानीस म्हणाले.

“मंगळवारी मी हे उजेडात धरून पाहिलं नाही,” दुर्गा म्हणाली. “खुणांवर भिस्त ठेवली. आजपासून दोन संच दोन ट्रेमध्ये. आणि सुई उजेडात पाहिल्याशिवाय कुणी माझ्या हातात द्यायची नाही, मी मागितली तरी.”

कारखानिसांनी उरलेलं केळं उचललं, उलटसुलट पाहिलं. “हे खायला हरकत नाही ना?”

“खा. त्याचं निदान झालंय.”

वॉर्डात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. विजयमालाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला पट्टी, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ फत्तेसिंहराव. ते मांडवीत कापडाच्या दुकानी काम करत. दुर्गाला पाहताच ते उठले आणि कागदी पुडी पुढे केली.

“या डॉक्टरबेन. घ्या, चिवडा घ्या. आक्काच्या डोक्यात काही निघालं नाही!”

“कुणी सांगितलं?”

“मीच ऐकलं ने,” विजयमालाबाई म्हणाल्या. “टेबलावर पडल्या पडल्या. फोनमधून मोठे डॉक्टर बोलले, खाली रक्त आहे. म्हटलं, चला, नुसतं रक्तच आहे, बाकी काही नाही. आणि तुम्ही बोललात, हरकत नाही. मला तर तिथेच उठून नाचावंसं वाटलं, पण डोकं स्क्रूने धरलेलं.”

म्हणजे त्या खोलीत शब्द बरोबर समजलेलं माणूस एकच होतं, आणि त्याने त्याचा अर्थ सुटका असा लावला होता. दुर्गाने खुर्ची ओढून घेतली. चिवड्याची पुडी घेतली, मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सुईच्या दोन नळ्यांची जोडी चुकली होती. ती तपासणं आपलं काम होतं, आपण ते केलं नाही. शब्द समजण्यात घोटाळा झाला. तुकडा आलेला नाही. गाठ आहे तिथेच आहे आणि ती कसली ते अजून कुणाला ठाऊक नाही.

फत्तेसिंहरावांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे डोक्याला भोक पाडलं ते फुकट?”

“हो.”

“हो म्हणतायत बघ आक्का! नुसतं हो!” ते ओरडले. “चल, उठ. गाडी करतो, आजच्या आज मुंबई. इथे एक मिनिट थांबायचं नाही. चिवडा वाटला मी, चिवडा! त्या शेजारच्या कॉटवरच्या पारशीणबाईंना दोनदा दिला!”

“फत्तू, आवाज खाली,” विजयमालाबाई म्हणाल्या, आणि लगेच दुर्गाकडे पाहिलं. “हे तुमचं खाली, हां.”

दुर्गाला हसू आलं नाही. “मुंबईला जायचं तर मी स्वतः चिठ्ठी देते, फोन करते. तिथे चांगले लोक आहेत. तिथली वेळ मिळायला दोन-तीन आठवडे लागतील. इथे मी सोमवारी करू शकते, त्याच भोकातून, नवीन भोक नाही. धोका पहिल्यापेक्षा कमी नाही. आत रक्तस्राव झाला तर हात आत्ता आहे त्याहून वाईट होईल, बोलणं जाऊ शकतं. आणि तिसरा रस्ता आहे, अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करून महिनाभर बघायचं.”

“अंदाजाने,” विजयमालाबाईंनी शब्द चघळला. त्यांनी उजवा हात वर केला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा आत आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तसंच ताठ राहिलं. गेल्या आठवड्यात करंगळी एकटीच होती.

“महिनाभर बघायचं म्हणजे याला बघायचं,” त्या हाताकडे पाहत म्हणाल्या. “बेन, माझ्याकडे शिकायला येते ती बाई पहिल्या आठवड्यात पडते. कोपर फुटतं, साडी फाटते, रडते. माझा नियम काय माहीत आहे? पडली त्या दिवशीच परत बसायचं. रक्त पुसायचं आणि बसायचं. दुसऱ्या दिवशी या म्हटलं तर ती येत नाही. कधीच येत नाही, नवराच येतो फी परत मागायला.”

“आक्का, ही स्कूटर नाही,” फत्तेसिंहराव म्हणाले.

“मला शिकवू नको. तू अजून सायकलवर फिरतोस.” त्या दुर्गाकडे वळल्या. “एक सांगा. हे सगळं तुम्ही मला का सांगितलंत? तुकडा लहान निघाला, परत करावं लागेल, एवढं बोलला असतात तरी आम्ही मान डोलावली असती.”

“सोमवारी पुन्हा माझ्याच हातात डोकं द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं आहे. अर्धं सांगून कसं ठरवणार?”

विजयमालाबाईंनी डाव्या हाताने दुर्गाच्या मांडीवरच्या पुडीतला चिवडा चिमटीत घेतला आणि खाल्ला. “सोमवारी. पण फोन मोठ्या आवाजात ठेवायचा. खालचे डॉक्टर काय बोलले ते आधी मी सांगणार, मग तुम्ही सुईला हात लावायचा. बडोद्याचं मराठी तुम्हाला येत नाही.”

सोमवारी सकाळी कडं पुन्हा बसलं. स्कॅन पुन्हा झाला. गाठ किंचित मोठी दिसत होती. दुर्गाने मापं मांडली, पुसली, पुन्हा मांडली. उत्तर तेच आलं. थिएटरात सुनंदा सिस्टरने सुई आधी दिव्यासमोर धरली, मग दुर्गाच्या डोळ्यांसमोर. दोन्ही बाऱ्या समोरासमोर, पलीकडचा उजेड स्वच्छ. मगच सुई कमानीत गेली.

“विजयमालाबाई, हात वर. मूठ करा. आता बोला काहीतरी.”

“काय बोलू? क्लच सोडा, हळू सोडा, हळू म्हटलं तर हळू, घाई कुठे आहे, सासू मेली का...”

“असंच चालू ठेवा.”

सुई ठरल्या खोलीला पोचली. दुर्गाने सिरिंज हलकेच ओढली, आतली नळी अर्धा फेरा फिरवली. या वेळी बोटांना काहीतरी जाणवलं. मंगळवारी ते जाणवलं नव्हतं, आणि नव्हतं हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तुकडा बाटलीत पडला, राखी पांढरा. तिने बारीची दिशा वळवली आणि दुसरा घेतला. सुनंदाने बाटली खाली पाठवली आणि बटण दाबलं.

कारखानिसांनी फोनवर फक्त दोन शब्द वापरायचे, ‘आहे’ किंवा ‘नाही’, असं ठरलं होतं. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही.

“आहे,” ते म्हणाले.

“आहे म्हणतायत,” टेबलावरून विजयमालाबाई म्हणाल्या. “यात काही खोट नाही. घ्या पुढे.”

तिसऱ्या वेळी आतली नळी काढली आणि बाहेरच्या नळीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब आला. दुर्गाने पुसला. दुसरा आला. मग थेंबांमधलं अंतर संपलं आणि बारीक धार लागली.

“सिरिंज. सलाइन.” तिचा आवाज बदलला नाही. सुई काढायची नाही, रक्त बाहेर यायला वाट ठेवायची, आत साठू द्यायचं नाही, थांबायचं. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असण्याने हात थंड राहतात, एवढाच त्याचा उपयोग. “विजयमालाबाई, बोलणं का थांबलं?”

“क्लच...” मग काही नाही. “क्ल...”

“हात वर करा.”

हात वर आला, अर्धा, आणि खाली पडला. सुनंदाने दुर्गाकडे पाहिलं. दुर्गा नळीच्या तोंडाकडे पाहत होती. ती धुत राहिली. धारेचे पुन्हा थेंब झाले. थेंब फिके झाले, गुलाबी, मग पाण्यासारखे. फोन चालूच होता. त्यातून कारखानिसांचा श्वास ऐकू येत होता. ते एक शब्दही बोलले नाहीत, ठरलं होतं ते दोन्हीही नाहीत.

“सोडा,” टेबलावरून आवाज आला, जड, चिकटलेला. “हळू... सोडा.”

“काय सोडू?”

“क्लच... बाई. किती वेळा... सांगायचं.”

तिसरा तुकडाही बाटलीत होता. चौथा घ्यायचा बेत होता, तो दुर्गाने घेतला नाही. तिने फोनकडे तोंड केलं. “सर, तिन्ही मिळून पुरेसं आहे का? हवं तर जास्त शब्द वापरा.”

“पुरेसा नमुना आहे. मेंदूचा आहे, गाठीचा आहे. नुसतं रक्त नाही.” ‘नुसतं’ वर त्यांनी जोर दिला.

“कळलं?” दुर्गाने खाली वाकून विचारलं.

विजयमालाबाईंनी डोळे मिटून मान हलवायचा प्रयत्न केला, पण कड्याने हलू दिली नाही. “कळलं,” त्या म्हणाल्या. मग दुर्गाने सुई काढली.

संध्याकाळच्या स्कॅनमध्ये गाठीत वाटाण्याएवढं रक्त दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेवढंच होतं. बोलणं परत आलं, मधूनमधून शब्दाला अडखळत. दुर्गा दोनदा लॅबमध्ये जाऊन आली. दुसऱ्या वेळी कारखानिसांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर न काढताच तिला बसायला सांगितलं.

“तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा, सर.”

“मला काही वाटत नाही. मला दिसतं. पेशी दिसतायत आणि त्या मला आवडलेल्या नाहीत. पण क्षयातही अशा कधी कधी दिसतात. तुकड्याला आणखी दोन रंग लावून बघायचे आहेत. ते लागेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. एक निघाला होता, पुष्कळ झाला.”

“घरच्यांना काय सांगू?”

“वाट बघतोय म्हणून सांगा. खाली वाट...” ते अडखळले. “नुसती वाट बघतोय, म्हणावं.”

दुर्गाने वॉर्डात येऊन तसंच सांगितलं. फत्तेसिंहरावांनी या खेपेला चिवडा वाटला नव्हता. ते पायाशी बसून बहिणीच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून वळवत होते, डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं. कॉटच्या दांडीला कुणीतरी स्कूटरची जुनी रबरी मूठ बसवली होती. विजयमालाबाई तिच्यावर हात ठेवत, दाबत, सोडत, पुन्हा दाबत.

बुधवारी दुपारपर्यंत अहवाल आलेला नव्हता. अंगठा आणि दोन बोटं मुठीवर वळत होती. उरलेली दोन वळली नव्हती.